अठरा पॉइंट चार

"बावीस पॉइंट सहा! आणि चिठ्ठीतही बावीस पॉइंट सहा!" बाईंनी वही उंच धरून सगळ्या वर्गाला दाखवली. "याला म्हणतात हात."

खिडकीजवळच्या टेबलाशी उभी असलेली मुलगी लाजून खाली बघू लागली. मागून कोणीतरी म्हणालं, "मोजपट्टीच आहे ती!" वर्ग हसला.

काका बेसिनपाशी फ्लास्क धूत होते. त्यांनी नळ जरा मोठा सोडला.

रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या या प्रयोगशाळेत ते सव्वीस वर्षं परिचर होते. दर गुरुवारी सकाळी ते आम्लाची द्रावणं करून नंबर घातलेल्या बाटल्यांत भरत. कुठलं किती तीव्र, ते मुलांना ठाऊक नसे. मुलांनी बाटलीतलं वीस मिली आम्ल फ्लास्कमध्ये घ्यायचं, ब्युरेटच्या खुणांच्या नळीतून त्यात अल्कली थेंब थेंब सोडायची आणि फिकट गुलाबी रंग आला की थांबून किती मिली लागली तो आकडा वाचायचा; असं तीनदा. प्रत्येक बाटलीचा खरा आकडा काका आधी स्वतः काढून बघत, चिठ्ठीवर लिहीत आणि चिठ्ठी चष्म्याच्या डबीत ठेवत. तास संपला की बाई तिच्यावरून मार्क देत.

सव्वीस वर्षांत चिठ्ठी कधी चुकली नव्हती. पण तिच्याबद्दल कोणी वही उंच धरली नव्हती.

पोरगी वाईट असती तर सोपं गेलं असतं. ती वर्गाच्या आधी अर्धा तास यायची, काही मदत करू का विचारायची. बाकीची पोरं गुलाबी पाण्याने भरलेले फ्लास्क तसेच टाकून पळायची. ही आपले धुऊन उपडे ठेवायची. आणि दर वेळी तेच, "काका, चष्मा केवढा मळलाय! द्या, पुसून देते."

"मला दिसतंय अजून," काका एकदा म्हणाले.

"तसं नाही हो काका."

तसंच होतं. महिन्यापूर्वी बाईही म्हणाल्या होत्या, "काका, तुमचे डोळे थकले आता. परीक्षेत ज्याचा आकडा सगळ्यात जवळ येईल, त्याच्याकडे पुढच्या वर्षीपासून द्रावणं आणि चिठ्ठी देणार आहे. तुम्ही फक्त भांडी बघा. तेवढाच आराम."

"ज्याचा म्हणजे कोणाचा ते ठरलेलंच आहे की."

बाई नुसत्या हसल्या होत्या.

घरी जेवताना काकांनी हे सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, "नातीएवढ्या पोरीवर जळता?"

"कोण जळतंय?"

"भाजीत मीठ नाहीये. निम्मी संपली तरी कळलं नाही तुम्हाला."

परीक्षेच्या दिवशी मुलीला सात नंबरची बाटली आली होती. काकांनी सकाळी त्या बाटलीचा आकडा दोनदा काढून बघितला होता. अठरा पॉइंट चार. चिठ्ठी डबीत घातली, वाचण्यापुरता लागणारा चष्मा वर ठेवला. ओल्या अंगठ्याचा ठसा काचेवर उमटला. डबी वजनकाट्याच्या खोलीत फळीवर ठेवून ते फडकं शोधायला बाहेर आले, तर ती दारात.

"काका, आज हात थरथरतोय."

"तुझा?"

"शपथ. काहीतरी काम सांगा. चष्मा पुसू?"

एरवी ते नको म्हणाले असते. "फळीवर आहे. ठसा पडलाय, नीट पूस," ते म्हणाले.

ती आत गेली. काकांनी सात नंबरचं बूच काढलं. दीडशे मिली आम्ल होतं. त्यात त्यांनी पिपेटने बरोबर वीस मिली पाणी सोडलं, बूच लावलं, बाटली हलवली. पातळ आम्लाला अल्कली कमी लागणार; मनातल्या मनात हिशेब केला. सोळा पॉइंट दोन. आता ब्रह्मदेव खाली उतरला तरी सोळा पॉइंट दोन.

त्यांचा हात थरथरला नाही. त्याचं त्यांना वाईट वाटलं, आणि थोडं बरंही.

"झाला बघा लख्ख," ती बाहेर येऊन म्हणाली.

परीक्षा सुरू झाली. ती ब्युरेटच्या पातळीला डोळा आणून वाकली होती. थेंब. थेंब. मग थांबली. फ्लास्क पांढऱ्या कागदावर ठेवून बघत राहिली. ब्युरेट वाचली, परत वाचली. चेहरा पांढराफटक पडला.

काकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. न राहवून ते दोन पावलं पुढे गेले. "काय गं?"

"काही नाही, काका."

तिने ब्युरेटची तोटी पुन्हा उघडली. काका मागे फिरले. नेहमीप्रमाणे तिने आपले फ्लास्क स्वतःच धुतले.

वेळ संपल्यावर बाईंनी वह्या सगळ्यांसमोर वाचायला घेतल्या. "सात नंबर."

काकांनी नळ बंद केला.

"अठरा पॉइंट चार. अठरा पॉइंट चार. अठरा पॉइंट चार. काका, चिठ्ठी?"

ते वजनकाट्याच्या खोलीतून डबी घेऊन आले. बाईंनी ती उघडली, चष्म्याखालची चिठ्ठी ओढून काढली आणि मोठ्याने हसल्या.

"फरक शून्य! काका, सव्वीस वर्षं झाली तुम्हाला इथे. खरं सांगा, असा हात पाहिलाय कधी?"

सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. तीही. काकांनी तोंड उघडलं. पण सांगायचं तर वीस मिली पाण्यापासून सुरुवात करावी लागली असती.

"नाही," ते म्हणाले.

बाईंनी उघडी डबी त्यांच्या हातात परत दिली. आतल्या चष्म्याच्या काचेवर सकाळचा अंगठ्याचा ठसा तसाच होता.