शेवटचा टेकू

"सर, बोट लागलं."

ताई इतक्या हळू म्हणाल्या की हवा गाळणाऱ्या यंत्राच्या घरघरीत ते कुणाला ऐकूही गेलं नसतं. पण सरांचा हात चटकन मागे आला.

चाळीस किलोचा काचेचा आरसा लोखंडी चौकटीत चार टेकूंवर बसवलेला होता. त्याच्या कडांपासून वरच्या पट्टीपर्यंत काचेचेच चार तंतू गेले होते, शिवणाच्या दोऱ्याएवढे बारीक. टेकू काढले की आरसा त्या चार तंतूंवर लटकणार. बोलता बोलता बोट नाचवायची सरांची जुनी खोड. गटातल्या धाकटीला काहीतरी समजावताना हातमोज्याचं टोक तिसऱ्या तंतूला चाटून गेलं होतं.

"छे! भास झाला तुम्हाला, ताई."

ताई सव्वीस वर्षं या विद्यापीठात काच तापवून तंतू ओढत होत्या. भास होणाऱ्या बाईचं ते काम नव्हतं.

दारावर सरांच्याच अक्षरातला कागद होता : 'ज्या तंतूला स्पर्श झाला, तो त्याच क्षणी तोडायचा. कुणाचा झाला, हे विचारायचं नाही.' हा नेम एका तंतूमुळे आला होता. तो बोट लागूनही अठरा दिवस टिकला. एकोणिसाव्या दिवशी भर दुपारी, खोलीत कुणी नसताना तुटला आणि त्याच्यापाठोपाठ उरलेले तिन्ही. फरशीला पडलेला खळगा अजून रबरी चटईखाली होता.

"उद्या सकाळी गाडी येतेय न्यायला," सर म्हणाले. "नवा तंतू ओढायचा, पारखायचा म्हणजे आठ दिवस. पाच देशांची माणसं तिथे यंत्र उघडं टाकून बसलीयत. दूर कुठे तारे आदळले तर त्याची थरथर टिपायची म्हणे, आणि त्यात आपलं काय, तर हे चार दोरे! तेवढेही वेळेवर देता येऊ नयेत? काय सांगू मी त्यांना?"

"बोट लागलं म्हणून सांगा."

धाकटी खुदकन हसली. गटात सगळ्यांत नवी, म्हणून धाकटी. मग दोघांचे चेहरे पाहून गप्प झाली.

"भार पेलेल तो," सर म्हणाले.

"आज पेलेल. उद्याही पेलेल. कधी पेलणार नाही, तेवढं मात्र आधी सांगत नाही."

सरांनी घड्याळ पाहिलं आणि पाना उचलला. आरशाखाली आडवं होऊन टेकू काढायचं काम दर वेळी त्यांचंच. कंबर धरलेली असायची, ताई रागावायच्या, तरी त्यांनी त्या जागेत आजवर दुसऱ्या कुणाला शिरू दिलं नव्हतं.

ते वाकले. तिसऱ्या तंतूकडे खालून वर पाहिलं. मग पुन्हा सरळ उभे राहिले.

"धाकटे, आज तू काढ."

"मी? खरंच, सर?"

"कधीतरी शिकायला हवंच ना."

"आई विश्वासच ठेवणार नाही! घरी साधा बल्ब बदलू देत नाही ती मला." पाना घेऊन ती पाठीवर सरपटत आत शिरली. चौकटीबाहेर तिचे पांढरे मोजे तेवढे उरले. "बापरे, इथून केवढा मोठा दिसतो हो! नाकावरच आलाय. करू सुरू?"

"कर," सर म्हणाले. आवाज दाराजवळून आला.

ताईंनी वळून पाहिलं. सर कधी तिकडे गेले, ते त्यांना कळलं नव्हतं. कदाचित सरांनाही नसावं. त्यांची पाठ त्या कागदाला टेकली होती.

"जरा थांब गं, पोरी," ताई म्हणाल्या.

त्यांनी उजव्या हाताचा मोजा काढला. चौकटीजवळ गेल्या आणि उघडा अंगठा तिसऱ्या तंतूवरून वरपासून खालपर्यंत सावकाश ओढला.

"काय झालं?" आतून धाकटीने विचारलं. "पहिला सोडू का?"



"आता माझं लागलं, सर," ताई नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या. "तोडू?"