भाला की कुदळ

नायजेरियातल्या इबादानच्या चाहते मंडळाची निषेधसभा तापली होती. आमच्या लाडक्या भुतांच्या जंगलाच्या कादंबरीवर मालिका आली आणि नायकाच्या हातात भाल्याऐवजी चक्क कुदळ.

"हा भुतांशी लढतोय की कोनफळं खणतोय?" अध्यक्ष अदिगुन कडाडला. "पुस्तक उघडून तरी बघायचं." मग तो पाहुण्या म्हणून बोलावलेल्या, लेखकाच्या म्हाताऱ्या बायकोकडे वळला. "आजी, तुम्हीच सांगा या मालिकावाल्यांना."

"मला वाचता येत नाही रे. हे लिहिताना मोठ्यानं म्हणायचे, मी ऐकायचे. आपल्या योरुबा भाषेत भाला नि कुदळ, दोन्हींची अक्षरं तीच, फरक नुसता सुराचा. छापताना सुरांच्या खुणा गळाल्या. हे कुदळच म्हणायचे."

अदिगुननं दंडावर गोंदलेल्या भाल्यावर बाही ओढली.

"मग लेखकच चुकला," तो म्हणाला.