सरळ बोंबील

"बाबा, हे चालणार नाहीत," रचना म्हणाली आणि तिनं ताट परत सरकवलं.

तुकारामानं चष्मा पुसला. ताटात बाहुलीघरासाठी केलेले बोंबील होते, पांढऱ्या मातीचे, काडेपेटीच्या काडीएवढे. "का? डोळं काढलं, जबडं काढलं. आनखी काय पायजे?"

"सगळे सरळ आलेत. शाळेत प्रार्थनेला उभे केल्यासारखे."

टेबलावर बुटाच्या खोक्याएवढं कोळीवाड्यातलं घर तयार होतं. कौलं लागली होती, ओट्यावर टोपली आणि कोयता होता, अंगणात बांबूच्या काड्यांचा मांडव आणि त्यावर दोऱ्या. बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं दोरीवर टाकतात. वाळताना वारा त्यांना पिळतो, आणि एक बोंबील दुसऱ्यासारखा वाळत नाही. मुंबईच्या गिऱ्हाईक बाईंना तेच हवं होतं. आधीच्या बाहुलीघरातले बोंबील पाहून त्यांनी फोनवर विचारलं होतं, "वास कसा काय येत नाही?"

ते मागचेही तुकारामानंच केले होते. लकवा येऊन गेल्यापासून त्याचा उजवा हात कापायचा. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता; दाबून दाबून चेंडू मऊ पडला, हात होता तसाच राहिला. मग बापाचा जीव रमावा म्हणून रचनानं मातीचा गोळा त्याच्या पुढ्यात ठेवला. सगळा जन्म होडीवर काढलेल्या या तांडेलाला परत होडीत चढता येईल का, यावर घरात कोणी बोलत नसे. मातीवर मात्र पुष्कळ बोलणं व्हायचं. थरथरत्या बोटांतून प्रत्येक बोंबील आपापल्या परीनं वाकडा निघे, आणि रचनाचा बाहुलीघरांचा धंदा उत्तम चालला होता.

"जरा हात हलू दे ना, नेहमीसारखा," रचना बोलून गेली.

तुकारामानं मातीची गोळी घेतली. हात हलला, पण त्यानं हलवला म्हणून. बोंबील निघाला तो सुतासारखा सरळ.

"बाबा, मुद्दाम करता काय?"

"मुद्दाम तर वाकडा करतोय," तो म्हणाला आणि थांबला.

दोघांनी हाताकडे पाहिलं. हात टेबलावर पडला होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

केसर पदराला हात पुसत आतून आली. "काय झालं? दोघं गप का?"

"आई, बाबांनी माल बिघडवला." रचनानं ताट तिच्यापुढे धरलं.

केसरनं ताट पाहिलं, मग बराच वेळ नवऱ्याचा हात पाहिला. "मग टोपी घाला नि बंदरावर जा," ती म्हणाली. "हितं कशाला माती नासत बसलाव?"

तुकारामानं फुकट गेलेले बोंबील खिशात भरले.

थळच्या बंदरावर त्याचा पुतण्या गणराज होडीत फाटलं जाळं पसरून बसला होता. तुकारामानं तळहात पुढे केला. गणराजनं एक बोंबील उचलून उलटसुलट पाहिला.

"काका, यो काय बोंबील? पेन्शिल हाय ही."

"व्हय," तुकाराम समाधानानं म्हणाला, "सगळंच बिघडलंत. आता सरक जरा, नि ती जाळ्याची सुई दे हिकडं."