फोटोपुरतं स्टूल

जुन्या काळी अमेरिकेत ज्या हॉटेलांत काळ्या लोकांना खायला देत नसत, तिथल्या काउंटरवर बसून विद्यार्थ्यांनी सत्याग्रह केले होते. तसाच एक खोटा काउंटर रुचाच्या तिथल्याच शॉमबर्ग गावातल्या ऑफिसने एका कार्यक्रमासाठी लॉबीत मांडला होता. लोक स्टुलांवर बसून हसत सेल्फी काढत होते. रुचाला ते खटकत होतं, पण तिचा व्हिसा कंपनीच्या हातात होता.

कार्यक्रमाच्या पाहुण्या मिसेस प्रुइट काळ्या, ऐंशी ओलांडलेल्या. कॉलेजात असताना आपण अशाच काउंटरवर बसलो, तेव्हा गोऱ्यांनी डोक्यावर केचप ओतलं होतं, असं त्यांनी भाषणात सांगितलं. मग दमून त्या एका स्टुलावर टेकल्या.

मॅनेजर देवांग धावत आला. “मॅम, प्लीज जरा उठता का? आमच्या व्हाइस प्रेसिडेंटना इथे फोटो काढायचाय.”

“नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या.

देवांग मराठीत कुजबुजला, “रुचा, तू उठव ना यार म्हातारीला.”

रुचाला त्याची किळस आली. ती शेजारच्या स्टुलावर जाऊन बसली.

मिसेस प्रुइटनी तिचा हात धरला. “बसून राहा,” त्या म्हणाल्या. “तेव्हाही हॉटेलवाल्यांनी आधी उठायची विनंतीच केली होती.”