झिपरीची गाठ

“ही गाठ आजच काढावी लागेल,” ढोरांचे डॉक्टर म्हणाले, आणि सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एकच गलका झाला.

गलका घोड्यासाठी नव्हता, सुकलालच्या झिपरी नावाच्या कुत्रीसाठी होता. तिच्या कुशीला कवठाएवढी गाठ होती, आणि त्या गाठीला हात लावल्याशिवाय यात्रेत कुणी घोड्याची बोली लावत नसे. घोड्याच्या गळ्यावर देवमण हा शुभ भोवरा, तशी कुत्रीच्या कुशीला ही गाठ, असं तीन वर्षांपूर्वी सुकलालनंच सांगितलं होतं. आणि सुकलालचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. घोड्याच्या अंगावरचे भोवरे पाहून तो शुभ-अशुभ सांगे, आणि लोक मुकाट्यानं घोडा घेत किंवा सोडत.

त्याच्या बायकोचा, जसोदाबाईचा, या नजरेवर सगळ्यांहून जास्त भरवसा. का नसावा? तिच्या डोक्यावर दोन भोवरे. ‘दोन भोवऱ्यांची पोर, पहिला नवरा खाणार,’ असं म्हणून तीन स्थळं गूळपाणी घेऊन परत गेली होती. चौथा आला सुकलाल. म्हणाला, “दुहेरी भोवरा म्हंजे दुहेरी बरकत.” झालं, लग्न ठरलं. त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती आणि नवरा चांगला धडधाकट होता. शेजारणींत बसली की जसोदाबाईचा पदर डोक्यावरून घसरे, तो काही वाऱ्यानं नव्हे.

पण आज तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. लिंबाएवढी गाठ दोन महिन्यांत कवठाएवढी झाली होती. डॉक्टरांनी ती बोटांनी हलवून पाहिली. “अजून कातडीखाली सुटी आहे, आज निघेल. पुढच्या यात्रेपर्यंत थांबलात तर कुत्री राहणार नाही.” ते आले होते फौजेच्या रिसाल्यासाठी घोडे तपासायला. दुपारच्या नावेनं तापीपार जाणार होते.

गावचे पाटील हिंमतराव आडवे आले. त्यांची घोडी अजून विकायची होती. “गाठ कापशात तं सारा बाजारनं नशीब कापाई जाई! सुकलालभाऊ, तुम्हीच सांगा.”

“नशीब गयं खड्डामा,” जसोदाबाई पुटपुटली. पण मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. आयुष्यात कधी शब्द न फिरवलेला माणूस! तो कुत्रीसाठी भर बाजारात आपला शब्द मोडेल?

सुकलाल उकिडवा बसला. झिपरीचे केस बाजूला केले, गाठ चाचपली, डोळे मिटले. घोड्यांपुढे लावी तेवढाच वेळ लावला. मग म्हणाला, “गाठ पिकी गयी. पिकेल फय झाडवर ऱ्हायनं तं सडस. दुपारना पहिले काढनंच पडी, नहीतं बरकतनी साडेसाती व्हई.”

मग काय विचारता! पाटलांनीच घाईघाईनं झिपरीचे पाय धरले. डॉक्टरांनी गुंगीचं औषध हुंगवलं, गाठ काढली, टाके घातले आणि नाव गाठली.

संध्याकाळी झिपरीनं डोळे उघडले आणि शेपटी एकदा आपटली. जसोदाबाईला रडूच आलं. डोळे पुसून तिनं विचारलं, “तीन वरीसनी बरकत एक घडीमा साडेसाती कशी व्हयनी हो?”

सुकलाल गालात हसला. “तीन वरीस पहिले लोके तिले गावबाहेर काढी ऱ्हायंतात. म्हनेत, रोगनी कुत्री. मंग मी गाठ शुभ करी टाकी. आज अशुभ करी. मन्हा बापनं काय जास?”

जसोदाबाई खो खो हसली. हसता हसता तिचा हात आपसूक डोक्यावर गेला, आणि हसू तिथंच थांबलं.

“आन मन्हा भोवरा?”

सुकलालनं दुधाची वाटी झिपरीच्या तोंडाशी सरकवली. वर न पाहताच म्हणाला,

“भोवरा कोनी देखा वं? मी तं तुन्हं तोंडच देखत बसनू.”