फक्त अक्षरे

तिसऱ्यांदाही पडद्यावर लाल ओळ उमटली : ‘नावात फक्त अक्षरे लिहा.’

अंजनाबाईंनी बोट मागे घेतलं. मराठी वाचनालयाचं सभासद व्हायचं म्हणून त्या ठेवणीतली साडी नेसून शंकर नगरला आल्या होत्या. एकेक कळ शोधून त्यांनी नाव लिहिलं होतं, तेही मराठीत. रांगेतले बाकीचे इंग्रजीत नाव टाकून झटपट पुढे जात होते. मागची मुलगी हसून म्हणाली, “दादी, अंगूठा लगा दो ना. उसका भी बटन है.”

त्यांनी अंगठा लावला. मशीननं तो लगेच घेतला.

नोंदणीचा तो प्रोग्राम त्यांच्या मुलानं, वरदनंच तयार केला होता. साठी उलटल्यावर त्यांना अक्षरं शिकवली तीही त्यानंच. सुरुवात त्याच्या नावापासून केली, कारण त्यात ना काना, ना मात्रा. तिथून स्वतःच्या नावापर्यंत पोचायला अंजनाबाईंना वर्ष लागलं. अनुस्वार द्यायला त्या हमखास विसरत आणि मग स्वतःवरच हसत.

पुढे एकदा घरी पाणी घेताना वरदला दिसलं, माठावर झाकण म्हणून आईची अक्षरं गिरवायची पाटी ठेवलेली होती. त्यानं विचारलं.

“मले कुठं येते रे अक्षरं?” म्हणत त्यांनी वाचनालयातल्या लाल ओळीचं सांगितलं. “मशीन काहून खोटं सांगते?”

वरदनं तिथंच लॅपटॉप उघडला. नावात अक्षरांखेरीज काही चालणार नाही, असा नियम त्यानं लिहिला होता. पण संगणकाच्या लेखी काना, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरं नव्हेत, नुसत्या खुणा. नियम लिहून झाल्यावर त्यानं एकच मराठी नाव टाकून पाहिलं होतं. स्वतःचं. ते बिनबोभाट गेलं होतं.

चहा निवायच्या आत दुरुस्ती झाली. त्यानं लॅपटॉप आईपुढे सरकवला.

“चूक माही होती, आई. तू बरोबरच लिहिलं होतं. आता लिही तुझं नाव.”

अंजनाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. पोरगं आपली समजूत काढतंय, एवढंच त्यांना कळलं. त्याचं मन मोडू नये म्हणून त्यांनी कळा शोधल्या आणि सावकाश लिहिलं : वरद.

लाल ओळ आली नाही.

“पाह्य,” त्या म्हणाल्या, “एवढंच येते मले.”