गळता नळ

“आई, नळ घट्ट बंद करू नकोस, थेंब थेंब गळू दे. या थंडीत पाइपातलं पाणी गोठलं तर पाइप फुटेल,” कॅनडातल्या घरात झोपायला जाताना मुलानं बजावलं.

धोंडूबाईंच्या अगदी जिवावर आलं. माणदेशात त्यांच्याकडं भांडी विसळलेलं पाणीही म्हशीपुढं जायचं. नळ त्यांनी गळू दिला, पण खाली हळूच पातेलं सरकवलं.

सकाळी ते काठोकाठ भरलेलं बघून मुलगा हसला. “अगं, ओतून दे की!”

त्यांनी पातेलं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. “अरं, एवढ्याच पाण्यापायी तुझी ताई हिरीत उतरली व्हती. वर आलीच न्हाई.”

मुलाचं हसू विरलं. नळ गळतच होता. त्यानं कपाटातून दुसरं पातेलं काढलं आणि नळाखाली ठेवलं.